डबा चालूच राहील, काका

...आता मला सांगा, तोडलं काय मी, तर इंटरनेट. डबा तोडला का? टीव्हीखालचा डबा हो, काळा, वीतभर, कपाळाला हिरवा लाइट... तो वेगळा अन् इंटरनेट वेगळं, असं मला वाटलं तर काय चुकलं माझं? अन् नुसतं मनानंच वाटून घेतलं नाय, इचारून घेतलं. कंपनीच्या ऑफिसात मोनिका नावाची पोरगी बसती, तिला तीनदा इचारलं, बाई, इंटरनेट तोडलं तर टीव्ही दिसल ना? कॉम्प्युटरातून मान वर न काढता म्हणली, "डबा चालूच राहील, काका."

चालू हाय. खोटं कशाला बोलू, डबा चालू हाय. हिरवा लाइट लागतो, डबा गरम होतो, आमची मांजर त्याच्यावर बसून झोपती. फकस्त टीव्हीत काय दिसत नाय. एक ढग येतो, ढगावर फुली, अन् खाली लिहिलेलं, इंटरनेट जोडा. बगा म्हणजे, आभाळात ढग नाय म्हणून चार वर्षं बोंबलायलोत, अन् टीव्हीत एक आला तर त्याच्यावरबी फुली.

तुम्ही म्हणाल, तोडलंच काहून? तर आम्ही राहतो देवळाईच्या पुढं, नव्या प्लॉटिंगमध्ये. मागं तिथं मेंढरं चरायची, आता चार-चार मजले उठले अन् खाली टँकर चरतेत. गल्लीत पाण्याची पाइपलाइन येऊ लागली. येऊ लागली म्हणजे... तीन वर्षं झाले, येऊच लागली! जेसीबी येतो, खड्डा खणतो, त्यात पाण्याचा पाइप काय पडत नाय, पण इंटरनेटची वायर तेवढी नेमकी तुटती. वायरवाला येऊन जोडतो, त्याची पाठ फिरली की दुसरा जेसीबी. एक दिवस डोकं फिरलं, गेलो ऑफिसात, आलो तोडून. घरी येऊन शालूला, म्हणजे आमच्या मंडळीला, लई ऐटीत सांगितलं. तिनं फकस्त आतल्या खोलीकडं पाहिलं. तिथं माय बसलेली.

अन् तुम्हाला सांगतो, तवा कुठं माझ्या ध्यानात आलं.

माय आमची, आक्काबाई, फर्दापूरकडची. दादा म्हणजे माझे वडील, मुंजाबा, जल्मभर मेंढरं राखली त्यांनी. त्या मोठ्या दुष्काळात मेंढरं इकली अन् राहिलेले दोन बैल घेऊन चारा छावणीत जाऊन राहिले. तिथं एक दिवस बातमीवाले आले. एका पोरीनं दादाच्या तोंडापुढं माइक धरला, बाबा, दुष्काळाबद्दल काय सांगाल? दादानं तिच्याकडं पाहिलं, उन्हानं तोंड लालबुंद झालेलं तिचं, अन् म्हणले, "ते ऱ्हाऊ द्या. तुम्ही जेवलात का?"

संपलं. एवढंच. मागून बैल हंबरतो अन् बातमी दुसऱ्या गावाला जाती. दिवसभर तीच फिरून फिरून लागली, तवा आमच्या अंबिकानं, लेक माझी, बटण दाबून ती डब्यात साठवून ठेवली. पुढच्या वर्षी दादा गेले. भिंतीवर फोटो हाय, हार हाय, पण फोटो बोलत नाय ना.

तर रोज दुपारी काय व्हायचं, माय भाकर खायची, हात धुवायची, टीव्हीपुढं खाली बसायची, डोक्यावरून पदर घ्यायची, मालक समोर यायले म्हणल्यावर पदर नको? मग अंबिका बटण दाबायची. दादा इचारायचे, तुम्ही जेवलात का? माय म्हणायची, "जेवले." अन् उठायची. जेवली नसल तर टीव्ही लावूच द्यायची नाय. त्यांच्यापुढं खोटं कसं बोलायचं म्हणायची.

अन् मी गेलो इंटरनेट तोडायला!

पहिल्या दिवशी माय म्हणली, भूक नाय. दुसऱ्या दिवशी म्हणली, पोट जड हाय. तिसऱ्या दिवशी नुसता चहा. मी इचारतो, शालू इचारती, अंबिका ताट घेऊन पुढं बसती, जेवती का माय? तर म्हणती, तुम्ही इचारलं काय अन् नाय इचारलं काय. लेक असून त्या डब्याच्या खालचा झालो मी.

डबा उचलला, पिशवीत घातला, शहागंजला लतीफभाईकडं. मोठा कारागीर, रेडिओच्या काळापासूनचा. त्यानं डबा उलटा केला, पालटा केला, कानाला लावला. म्हणला, "माल इसमेच है चाचा, पर ताला कंपनी का है. नेट से खुलता. मैं तोड्या तो माल बी जाता." मी म्हणलं, नक्को बाबा. डबा पोटाशी धरला अन् रिक्षात बसलो. रिक्षावाला इचारायला, काय मोठा माल हाय काय चाचा? म्हणलं, व्हय, वडील हायेत. त्यानं घरापस्तोर खड्डे चुकवत रिक्षा हळू चालवली.

मग पुन्हा मोनिका. पुन्हा फॉर्म. तोडताना एका मिनिटात तोडलं, जोडताना आधार, फोटो, लाइट बिल... पुन्हा का जोडायचंय, कारण सांगा काका. मी म्हणलं, "लिही बाई, माय जेवंना."

तवा पहिल्यांदा तिनं मान वर काढली. मग हळूच म्हणली, "यादीत ते नाय काका. मी 'इतर' टाकते."

पण पोरगी मनाची चांगली, दुसऱ्याच दिवशी माणूस धाडला. तो वायर जोडू लागला अन् इकडं माय चुलीपाशी... गॅस हाय आमच्याकडं, पण ती चूलच म्हणती... तिथं बसून ज्वारीची अख्खी भाकर, ठेचा, वर वाटीभर वरण खाऊन घेतलं, आता ते इचारतील म्हणून. शालूनं तोंड फिरवून डोळे पुसले. मीबी पुसले, कशाला लपवू. अंबिका फोन धरून उभी, या बारीला शूटिंगच करून ठेवते म्हणली, पुन्हा भानगड नको. माय बसली. पदर घेतला. ढग गेला, फुली गेली, छावणी आली, दादा आले! पोरीनं माइक धरला, दादानं तिच्याकडं पाहिलं, तोंड उघडलं, "ते ऱ्हाऊ द्या. तुम्ही..."

अन् थांबले. तोंड उघडं ते उघडंच. बाहेर गल्लीत जेसीबी घरघरायला.

मायनं वाट पाहिली थोडी, मग पदर सारखा केला अन् त्या उघड्या तोंडाकडं पाहून म्हणली, "जेवले." उठता उठता मला म्हणती, "त्यांना काय इचारायचंय ते कळतंय मला. जा, तू खाऊन घे, चार दिवसांचा उपाशी हायेस तूबी."

जेवलो. काय करता. मग लावला ऑफिसात फोन, म्हणलं मोनिका, वायर तुटली गं बाई. ती म्हणली, तक्रार नोंदवलीय, माणूस येईल सोमवारपर्यंत, पण तुम्ही घाबरू नका...

"डबा चालूच राहील, काका."

अन् पोरगी खोटं नाय बोलत. मी वळून पाहिलं, हिरवा लाइट लागलेला होता, मांजर जाऊन बसलीबी होती.