ताईच्या वस्तू पुसू नका

सन्माननीय अध्यक्ष महोदय, संग्रहालयाचे संचालकसाहेब, व्यासपीठावरील मान्यवर, आजची सत्कारमूर्ती म्हणजे माझी थोरली बहीण, आणि जमलेले रसिकजन,

मला दोन शब्द बोलायला सांगितलंय. दोनात आवरणं आमच्या घराण्यात नाही, तरी प्रयत्न करते.

ताई घरातल्या वस्तूंची माणसं करते, हे आपण जाणताच. आम्ही ते भोगलंय! भाजी चिरायला सुरी शोधावी, तर ती कुणाच्या तरी नाकाच्या जागी. आई म्हणायची, "या पोरीपुढे कवळीसुद्धा झाकून ठेवावी लागते." आई गेल्यावर ताईने तीही लावलीच. हसा, हसा, आईसुद्धा हसली असती.

तिचा नियम एकच. वस्तू धुवायची नाही. आईच्या झाऱ्यावरचं तेलकट किटण, बाबांच्या चपलेतला अंगठ्याचा खळगा, माझ्या शाळेच्या कोटाच्या बटणावर मी उठवलेले दात, सगळं तसंच ठेवायचं.

आता ताई विसरते. आधी रस्ते गेले, मग नावं, मग आम्ही. पण हे समोरचं शिल्प घरात होतं, तोवर रोज सकाळी ती त्यावरून हात फिरवायची. चिकट झारा लागला की म्हणायची, "आई." मग ते बटण चाचपायची, माझ्याकडे वळायची, "धाकटे, चहा टाक." त्या एका हाकेवर माझा दिवस निघायचा.

संग्रहालयाला शिल्प द्यायचा शब्द ताईने ती बरी असतानाच दिला होता. मी कोण अडवणार? संचालकसाहेब, तुमच्या माणसांनी जीव ओतून काम केलं, खोटं कशाला बोलू? किटण खरवडलं, चपलेला पॉलिश केलं, बटण घासून गुळगुळीत केलं. मघाशी पडदा सरला, टाळ्या पडल्या. ताईने हात फिरवला. पुन्हा फिरवला. मग मला म्हणाली, "छान आहे हो. तुम्ही केलंत का?"

ताईने मला आयुष्यात कधी 'तुम्ही' म्हटलं नव्हतं.

घरी आता एकच उरलंय, स्वयंपाकघराच्या दारावरचं कोलाज. तिकिटं, वेष्टनं, जळक्या काड्या आणि माझी एक मळकी रिबन. तेही तिने तेव्हाच संग्रहालयाला कबूल केलेलं, ते दार न्यायला उद्या गाडी येणार आहे. अध्यक्ष महोदय, काल ताईने ती रिबन बोटाला गुंडाळली आणि विचारलं, "वेणी घालू?" माझे केस आता कुठले वेणीचे! पण मी खाली बसले. एवढीच बहीण उरलीय मला. हे शिल्प ठेवा, सन्मानचिन्ह हवं तर परत घ्या, पण दार मागू नका. मी सगळ्यांसमोर हात जोडते. शब्द मोडल्याचं पाप माझ्या माथी घाला. तिच्यासमोर परकी होऊन राहणं मला नाही झेपणार हो.

आयोजकांचे, संग्रहालयातल्या कर्मचाऱ्यांचे आणि आपणा सर्वांचे मनापासून आभार. आनंदाच्या प्रसंगी रडगाणं गायले, मानापमानाचं भान राहिलं नाही, ते पोटात घाला. मी थांबते. ताई मघापासून शेजारच्या पाहुण्यांना विचारतेय, मला घरी कोण नेणार म्हणून.