ग्वाल्हेरला बदली

माझं लग्न ठरलं ना, ते समुद्रामुळे. ऐका तर. नेव्हीतून सुट्टीवर ग्वाल्हेरला आलो होतो, तेव्हा तिथल्या सिटी सेंटर भागात एका घरी मुलगी बघायला गेलो. तिचे वडील सिंचन खात्यातून रिटायर झालेले.

"नोकरी छान आहे. पण बदली ग्वाल्हेरला कधी करून घेताय?"

"काका, नेव्हीत इथे बदली होत नाही."

"अहो, भोपाळला आपली ओळख आहे. वहाँ से सब हो जाता है."

"पण जहाज उभं कुठे करणार? ग्वाल्हेरला समुद्र नाहीये!"

त्यांनी माझा गुडघा थोपटला. "तुम्ही अर्ज तर टाका. समुद्राचं मी बघतो."

तेवढ्यात स्वयंपाकघरातून मुलगी ओरडली, "बाबा, आधी नळाचं बघा! चहापुरतंही पाणी नाहीये."

मी तिथेच होकार दिला.