अम्मावरचा सब्जा

मोफत कायदेसल्ल्याच्या रांगेत हेमाताई आपली फाईल मांडीवर घेऊन बसल्या होत्या. शेजारी वाघोलीची हमीदा आणि तिचा धाकटा भाऊ नासिर. त्यांचं शेत नव्या रस्त्यात जाणार होतं आणि हरकतीची मुदत आजच संपत होती.

“पंचनाम्यात विहीर हाय, बारा आंबे हायत. अम्माची कबर कुठं हाय, नासिर?”

“लिहिलीच न्हाई, आपा.”

“का?”

“दिसली न्हाई त्यांना. नुसती माती. वर तू लावलेली सब्जाची रोपं, तेवढीच खूण.”

“मग सब्जा दाखवायचास.”

नासिर पंचनाम्याच्या कागदाची घडी घालू लागला.

“नासिर?”

“साहेब मोजणीला येणार म्हणून शेत साफ केलं, आपा. तणाबरोबर तोही उपटला.”

“मुलगी बघायला येणार होते व्हय ते?”

“चुकलं.”

“वीस वर्षं बी टाकतेय मी. अंधारातसुद्धा वासानं सापडायची अम्मा.”

हेमाताईंना राहवेना.

“अहो, फेरमोजणी मागता येते. हरकतीत तसं लिहून घ्या. शेजाऱ्यांचे जबाबही जोडा. इथं सांगायला लाजू नका, सगळे हरलेलेच बसलोय.”

“मागू, ताई. पण आपा, पुन्हा आले तरी दाखवायचं काय? माती?”

“महिन्यानंतरची तारीख माग. घरी मूठभर बी हाय. तोवर हिरवं होईल.”

“अन् या उन्हात रोज पाणी कोण घालणार?”

“ज्यानं उपटलं, त्यानं.”