इंदुमतीच्या बंद केलेल्या गोळ्या

फरीदाबाद, जानेवारी १९९८

मी, हणमंत गोविंद कारखानीस, वय ६९ वर्षे, धंदा केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त, राहणार सेक्टर १५, फरीदाबाद. पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगतो की,

वरील पत्त्यावर मी, पत्नी इंदुमती व मुलगा अविनाश असे राहत होतो. इंदुमती परवा, गुरुवारी वारली. अविनाश एका परदेशी कंपनीच्या टीव्हीच्या कारखान्यात इंजिनियर आहे. केमिस्ट सतपाल याने चिठ्ठीशिवाय विकलेल्या झोपेच्या गोळ्यांनी आई मेली, अशी तक्रार त्याने दिली आहे. सतपाल कालपासून कोठडीत आहे. मला हिंदी येते, परंतु हे मराठीत सांगायचे होते. म्हणून दिल्लीत कोपर्निकस मार्गावरील आपल्या राज्याच्या अतिथिगृहात नेमणुकीस असलेले हवालदार अंबादास यांना लिहून घेण्यास बोलाविले आहे.

निवृत्तीनंतर दिल्लीतील सरकारी क्वार्टर सोडून आम्ही येथे आलो. तेव्हा आजूबाजूस बांधकामेच होती. इंदुमतीला बोलायला कोणी नव्हते. तिची झोप गेली. डॉक्टरांनी अल्प्राझोलाम या गोळ्या थोड्या दिवसांपुरत्या लिहून दिल्या. तिला झोप लागू लागली, जीव घाबरा होणे थांबले. पुढे आम्ही डॉक्टरांकडे गेलो नाही. सतपाल जुनी चिठ्ठी बघून गोळ्या देई, नंतर तीही बघेनासा झाला. एका गोळीने भागेना तेव्हा ती दोन घेऊ लागली, मग तीन. असे काही वर्षे चालले.

गेल्या वर्षभरात सकाळी उठल्यावर तिचा तोल जाई. बोलताना जीभ जड होई. दूध गॅसवर ठेवून विसरे. दिवाळीनंतर बाथरूममध्ये पडून मनगट मोडले. या गोळ्यांची सवय लागते असे अविनाशला कारखान्यात कोणीतरी सांगितले. गेल्या रविवारी त्याने घरातील सगळ्या गोळ्या संडासात टाकून पाणी सोडले. सतपालच्या दुकानी जाऊन, पुन्हा गोळी दिलीस तर पोलिसांत देईन, असे बजावले. मग त्याने सुट्टी घेतली आणि तिच्याजवळ बसून राहिला. वरणभातही तोच करीत होता.

सोमवारपासून तिचे हात कापू लागले. थंडीत घाम येई. ताटाचा आवाज झाला तरी दचके. भिंतीवर मुंग्या आहेत म्हणून पदराने झटकू लागली. मंगळवारी ती अविनाशला म्हणाली, "अरे, अर्धी तरी दे."

त्याने तिचा हात धरला व म्हणाला, "आई, थोडे दिवस त्रास होईल. मग सवय पार सुटेल."

बुधवारी मी दूध आणतो सांगून सतपालकडे गेलो व एक गोळी मागितली. तो म्हणाला, "अंकलजी, आपका बेटा मना कर गया है. मैं नहीं दूँगा." मी तिची अवस्था सांगितली. तेव्हा तो काउंटरच्या बाहेर आला व आजच डॉक्टरकडे न्या म्हणाला. मी घरी येऊन तसे सांगितले. डॉक्टर पुन्हा त्याच गोळ्या लिहून देतील, असे अविनाश म्हणाला.

गुरुवारी सकाळी ती कोथिंबीर निवडत बसली होती. तिचे अंग एकदम ताठ झाले व ती खुर्चीसकट खाली पडली. झटके सुरू झाले. इस्पितळात नेले, तेथेही ते थांबले नाहीत. दुपारी ती गेली.

अविनाश फोन करण्यास बाहेर गेला असता डॉक्टरांनी मला विचारले की बाई काही औषध घेत होत्या का. गोळ्या घेत होती, त्या रविवारी एकदम बंद केल्या, असे मी सांगितले. मग त्यांनी समजावले. मेंदूत त्याला शांत करणारे एक रसायन असते, गोळी त्याचा जोर वाढवते. बरीच वर्षे गोळी चालली की मेंदू तिच्या भरवशावर राहतो. ती अचानक थांबली तर त्याला आवरायला काही उरत नाही. अशी गोळी सोडवता येते, पण डॉक्टरच्या देखरेखीखाली, थोडी थोडी कमी करत, त्याला महिने लागतात. बुधवारी आणले असते तर काय, असे मी विचारले. ते म्हणाले, "बहुतेक वाचल्या असत्या."

सतपालने चिठ्ठीशिवाय गोळ्या दिल्या हे खरे आहे. त्याबद्दल कायद्याने जे होईल ते व्हावे. परंतु इंदुमती गोळ्यांनी मेली नाही. त्या अचानक बंद झाल्याने मेली. माझी मुलाविरुद्ध काही तक्रार नाही.

अविनाशला हे माहीत आहे का, असे जबाब घेणाऱ्या साहेबांनी विचारले. नाही. इतक्या वर्षांचे विष आईच्या अंगात भिनून ती गेली, असे त्याला वाटते. जबाब कागदपत्रांत जाणार असल्याने त्याला कळेलच, असे साहेब म्हणाले. त्यापूर्वी मला सांगू द्यावे अशी मी विनंती केली, ती त्यांनी मान्य केली. अविनाश मला घरी न्यायला आला आहे व बाहेर बाकावर बसला आहे. घरात आता आम्ही दोघेच आहोत.

माझा जबाब हवालदार अंबादास यांनी मला मराठीत वाचून दाखविला. अविनाशने गोळ्या टाकल्या ते वाक्य आल्यावर ते थांबले. ते तसेच राहू द्या, असे मी सांगितले. बाकीही सर्व मी सांगितले तसेच लिहिले आहे.

(सही) ह. गो. कारखानीस