सुपारीच्या दिवशी आलेले डॉक्टर

लिहा की मंग, मेली म्हणून! लेखच लिहायचा ना तुम्हाला — लिहा, खेड्यातली पोरगी, ब्लड कॅन्सर, मेली, विषय खतम. — न्हाई, दारात पाणी भरत होती ती न्हाई, ती माझ्या जावेची. शीतल न्हाई आता. — असं काय बघून राह्यलात डॉक्टरसाहेब? — बरं, जिती हाय. तोंडातून वाईट गेलं माझ्या, रेणुकामाय माफ कर. जिती हाय, ठणठणीत हाय, कापूस वेचायला लागली तर भल्याभल्यांना मागं टाकती, आन् तुमच्याच हातानं वाचली, ते मी मरेस्तोवर विसरायची न्हाई. पण आज न्हाई! वर्षभरात कधीबी यायचं होतं, आजच सुचलं? गाडीवर कॅन्सर दवाखान्याचं नाव एवढ्या मोठ्या अक्षरात, आन् ती उभी माझ्या दारात — सगळ्या वाटूरला दिसंल अशी! घटकाभरात परतूरचे पाव्हणे येतेत. सुपारी फुटायची हाय शीतलची. त्यायला काय बी ठाऊक न्हाई. लहानपणी टायफाइड झाल्ता, एवढंच सांगितलंय आम्ही.

तुमच्या दवाखान्यातल्या बाईचा फोन आल्ता मागं — पोरगी कशी हाय, साहेबांना लेखात टाकायचंय म्हणून. मी तवाच कट केला. किती लेख लिहिता हो तुम्ही? माझा भाचा भारत, मेडिकलच्या दुकानात कामाला असतो, त्यानं मोबाईलवर तुमचं नाव टाकलं — ब्लड कॅन्सरवर लेख, रक्तातल्या पांढऱ्या पेशीवर लेख, हाडातल्या मगजावर लेख — अंगठा सरकवून सरकवून दमलं पोरगं, तुमचं लिहिणं काही सरंना. आन् एका लेखात माझी शीतल. नाव न्हाई, फोटो! हिरड्या सुजलेल्या, तोंड वासलेलं, डोळ्यावर काळी पट्टी. पट्टी लावली म्हंजे वळख लपती का? हनुवटीवरचा तीळ बराबर दिसून राह्यला की! — सही? हां, केली सही. लेकरू मरणाच्या दारात आन् तुम्ही कागद पुढं केलेला — तवा माझी किडनी मागितली असती तरी सही केली असती मी. त्याला काय इचारणं म्हणतेत?

आन् खाली काय लिहिलं? 'उपचारांना चांगला प्रतिसाद मिळाला.' बस! माझ्या मांडीवर तिच्या केसांचे झुबके पडायचे, ते कुठं हाय? एका रात्री म्हणली, आई, मी मरू का आता, मंग तुलाबी झोप लागंल — ते कुठं हाय तुमच्या लेखात? — ते मी कोणाला सांगितलं न्हाई कधी. तिच्या बापालाबी न्हाई. तुमच्यापुढं कसं निघालं, काय माहीत.

— माहीत हाय, माहीत हाय, दुसऱ्या आयांना धीर येतो. मला न्हाई का आला? वार्डात मीच इचारलं होतं, याच्यातून कोणी वाचलंय का म्हणून — तवा तुम्ही असल्याच एका लेखातल्या पोराचं सांगितलं. नाव न्हाई, गाव न्हाई, पण त्या पोराच्या भरवशावर तग धरला मी. त्या मायचे उपकारच हायेत. पण तिचा पोरगा होता डॉक्टरसाहेब, पोरगा! पोराला कोण इचारतं? पोरीचं सगळं उकरून काढतेत. अंबडचं स्थळ मोडलं आमचं — कोणीतरी कुजबुजलं, बेबीनंदाच्या पोरीला कॅन्सर झाल्ता, लेकरूबाळ व्हायचं न्हाई. ते लोक दारात आलेच न्हाईत पुन्हा. शीतल दोन दिवस जेवली न्हाई. आता हे मोडलं तर —

शीतल, तू कशाला आलीस गं बाहेर? आत हो. — काय? — कोणी बोलावलं ह्यायला? तू? — डॉक्टरसाहेब, ही काय म्हणून राह्यली? तुम्ही लेखासाठी न्हाई आलात? मंग मघापासून बोलला का न्हाई — हां, मी बोलू दिलं तवा ना. — आन् परतूरच्या पोराला, शीतल? त्यालाबी सांगितलंस? सगळं? तो फोटोबी दाखवला? — मंग काय म्हणला तो? — डॉक्टरलाच बोलव म्हणला? त्याच्या आईबापाला डॉक्टरच्याच तोंडून कळू दे म्हणला? — खरं सांग. — असं म्हणला?

वा गं वा! पोराला सांगितलं, डॉक्टरला सांगितलं, ज्या आईनं तुला झाकून झाकून एवढी केली तिलाच तेवढं न्हाई! तू थांब, तुझ्याशी मंग बघते मी. रडू नको, तोंड पूस — पूस म्हणते ना! जीप वळली बघ कोपऱ्यावर. — डॉक्टरसाहेब, तुम्ही कुठं उठून चाललात? बसा. हितं नको, फुडं बसा, त्यायच्या बरोबर समोर. लेखात लिहिता तसलं इंग्रजी नका सांगू, हिला लेकरू व्हईल का न्हाई ते आधी सांगा. आन् तिची सासू होणारी बाई काय बोलली तर — न्हाई. मी गप बसते. आता तुम्ही बोला.