छातीतली शिट्टी

(सकाळ. आजऱ्याजवळच्या वाडीतलं अंगण. तानाबाई आपल्या सुनेजवळ, संयोगिताजवळ, बसल्या आहेत. डॉक्टर रोहिणी फोनच्या स्पीकरवर.)

तानाबाई : डॉक्टरीणबाई, आडवी करू काय हिला? ओठ पार काळंनिळं पडल्यात!

रोहिणी : अजिबात नको! बसवूनच ठेवा, जरा पुढं वाकवून. अ‍ॅम्ब्युलन्स निघालीय. झालं काय नेमकं?

तानाबाई : बंबात काजूची टरफलं घातलती. धूर लागला आन् दमा उसळला की! छातीत नुसती शिट्टी वाजतीया.

संयोगिता : श्वास... आत... जाईना...

रोहिणी : संयोगिता, आत ओढू नकोस. छाती आधीच भरलीय. जुनी हवा बाहेर पडेना, म्हणून नवीला जागा नाही. ओठ आवळून हळूहळू सोड. मावशी, तिच्या दम्याच्या औषधाच्या पंपाला नळकांडं लावा, तिच्या तोंडात द्या. एकदा दाबा, दोनचार श्वास जाऊ देत, मग परत.

तानाबाई : दाबला. पण धुरातनं बाहीर आणलीया की हिला. मग अजून का आवळतंय?

रोहिणी : श्वासनळीत बारीक नसा असतात. धूर लागला की त्या मेंदूला कळवतात. मेंदू नळ्या आवळायला लावतो, धूर आत शिरू नये म्हणून. दम्याच्या माणसात त्या नसा फार हळव्या. धूर गेला तरी आवळणं थांबत नाही.

तानाबाई : जीव राखायला म्हणून जीवच घ्यायला लागलंय व्हय!... आगं बया, थांबली! शिट्टी थांबली! उतार पडला, बाई!

रोहिणी : बोलतीय का ती? नाव विचारा.

तानाबाई : संयोगिता, नाव सांग की गं... न्हाय. नुसती बघतीया.

रोहिणी : मावशी, हा उतार नाही. हवाच जाईना, म्हणून आवाज नाही. पंप दाबा. आत्ता!

तानाबाई : दाबला.

रोहिणी : छाती हलतेय?

तानाबाई : जरा... जराशी. संयोगिता, माझ्याकडं बघ. माणसं जमू देत, तू कुणाकडं बघू नको. माझ्यासंगट सोड. फूऽऽ. आजून. फूऽऽ.

रोहिणी : परत पंप. काय ऐकू येतंय?

तानाबाई : शिट्टी... डॉक्टरीणबाई, वाजाय लागली परत!

रोहिणी : वाजू दे. हवा चालू झाली. पंप थांबवू नका, आणि दवाखान्यात आणायचंच.

तानाबाई : आली, गाडी आली! ए, वाट द्या रं!

संयोगिता : आत्ती...

तानाबाई : बोलू नको.

संयोगिता : हात... सोडा की. नखं रुतत्यात.

तानाबाई : रुतू देत.