बुधवारचा माल

हॅलो?… हॅलो… हां, गोकुळदासच बोलतोय… कोण, शुभा? अगो, मोठ्यानं बोल… कलकत्त्याहून ट्रंक कॉल लागला म्हणून गुरुदास दुकानातून हाका मारत आला, मी तसाच धावलो, पायात चप्पल पण नाही… थांब हां. गप्प बसा रे जरा. मराठीवाले पण गप्प, कोंकणीवाले पण. माझ्या मुलीचा फोन आहे… हां, बोल. गोवा राज्य झालं तेव्हापासून इथं सगळ्यांना भाषण येतं.

… उद्याच? मुलाखत उद्याच आहे? मला वाटलं पुढच्या आठवड्यात… रीडरची प्रोफेसर करणार? … हो, आई आहे ना. इथंच उभी आहे, हातात पावाच्या उंड्यांची पिशवी घेऊन… अगो थांब तू, आधी मला बोलू दे… तुला नाही गो, तिला.

शुभा, ऐक. तुला एक सांगायचं आहे. मुलाखतीच्या आधीच सांगायला हवं… तब्येत बरी आहे… तसं नाही… अगो ऐक ना. तू पाठवलंस ना ते पुस्तक, पीएचडीचं… हां, तेच. इतकी वर्षं देवाच्या फळीवर होतं. परवा कृष्णनाथ मास्तर आले, त्यांना म्हटलं, इंग्रजी आहे, जरा वाचून सांगा… पहिलं प्रकरण वाचलं त्यांनी. म्हणाले, गोकुळदास, ही तर आपल्या पाळी गावची खाण, आणि आकडे कुणा कामगाराच्या वह्यांतले. मी म्हटलं होय, मीच दिल्या तिला त्या नमुन्यांच्या वह्या. मग म्हणाले, इथं लिहिलंय, बुधवारचा माल नवल वाटावं इतका एकसारखा. बाराही ट्रकांत लोखंडाचा टक्का जवळजवळ तोच.

… नाही, हसण्यासारखं नाही ते. परवापासून तेच डोक्यात आहे माझ्या.

शुभा… बुधवारचा माल काही वेगळा नव्हता गो. मी… हळू बोलतो, आई ऐकते आहे. माझ्या वाट्याला रोज बारा ट्रक. प्रत्येकावर चढायचं, पुढचं, मधलं, मागचं, तीन जागचा फावडंभर माल घ्यायचा, मिसळायचा, तपासणीसाठी नमुन्याची पिशवी भरायची, वर ट्रकाच्या नंबराची चिठ्ठी. सोमवारी चढलो. मंगळवारी चढलो. पण बुधवारी… बुधवारी चोपडे गावची तारा मासळीवाली यायची नुस्तं घेऊन, तिठ्यावर, नऊच्या बसनं. जरा उशीर झाला की शेवटे मासे संपलेच… हां, तुला पण आवडायचे. म्हणून मी पहिल्याच ट्रकावर चढायचो आणि बाराही पिशव्या तिथंच भरायचो. चिठ्ठ्या तेवढ्या बारा वेगळ्या.

… ऐकतेस ना? … हॅलो? … हसतेस कित्याक गो? उद्या तिथं मोठमोठी माणसं बसणार. विचारतील, बुधवारी असं का? तू काय सांगणार, बापाला माशांचं हुमण खायचं होतं?

… काय? … परत सांग. … तुला ठाऊक होतं? … आठ वर्षं? … मास्तर तर म्हणाले… हो, पहिलंच प्रकरण वाचलं. पुढे म्हणाले सगळे आकडेच आहेत… म्हणजे पुढे तेच आहे? नमुना खरा घेतलाय की एकाच ढिगातून भरलाय, ते आकड्यांवरून ओळखायचं कसं… सगळं पुस्तकच त्याच्यावर? आणि कारखान्यांचे इंजिनियर तुझ्यासमोर बसून हेच शिकतात? … म्हणजे तू माझ्या लबाडीवर… बरं, आळसावर. तू म्हणशील ते.

काही नाही गो, शुभा म्हणते बाबांच्या नुस्त्यावर पीएचडी झाली… हो, तेच नुस्तं. कामाच्या वेळेतलं. तू तरी एकदा विचारलंस, कामावर गेलेला माणूस दहा वाजता शेवटे घेऊन घरी कसा येतो?

… हां शुभा, बोल. … परवानगी? माझी? … उद्या विचारणार, तो माणूस खरंच तसं करायचा कशावरून, कोण होता तो… आणि तू आजवर सगळीकडे 'एक कामगार' एवढंच सांगत आलीस. … हं.

शुभा, घरी भिंतीवर घड्याळ आहे ना, निवृत्तीच्या दिवशी दिलेलं. खाली पत्र्यावर 'चोख कामाबद्दल' असं कोरलंय… तेच. रोज मीच किल्ली देतो त्याला. … नाही गो, रागावलो नाही. विचार करतोय.

… नाही सांगितलंस तर? … म्हणतील, आकडे घरात बसून रचले. … आणि प्रोफेसर नाही करणार. … मग मला विचारतेस काय? सांग. नाव घालून सांग. गोकुळदास गावस, पाळी, तालुका डिचोली… हां, आता गोवा राज्य म्हण. … मला काय होणार? घड्याळ उतरवून ठेवीन फार तर.

पण एक सांगायचं हां. बाकीचे दिवस खरे होते. भर उन्हात, तापलेल्या मालावर, गुडघा गेला तरी बारा ट्रक चढलोय मी… ते पण सांग. नाहीतर त्यांना वाटेल, हा सगळाच माणूस बुधवारचा.

… काय? … म्हणूनच? … बाकीचे पाच दिवस इतके खरे होते म्हणून बुधवार उघडा पडला? … रोजच तसं केलं असतं तर तुला कळलंच नसतं? …

शुभा. हे परत एकदा सांग गो. मोठ्यानं सांग, मी फोन आईच्या कानाला लावतो… ये इकडे, ठेव ती पिशवी. ही काय म्हणते ते ऐक, नीट ऐक… लावला हां शुभा, बोल आता.

… काय झालं? काहीच ऐकू येत नाही? लाइन तुटली की काय? आण इकडे.

हॅलो?… शुभा?… हॅलो…